तो येईपर्यंत पुरेल असं हाड

तिने अंगठ्याचं नख हाडावर टेकवलं आणि जोर लावून दाबलं. नखच मागे वाकलं, हाडावर साधा ओरखडाही उठला नाही.

"मग हे नको," खाटीक म्हणाला आणि त्याने ते हाड उचलून मागच्या टोपलीत टाकलं. "जिथं नखाची खूण उठत नाही, तिथं दाताची खैर नाही, मावशी. दुसरं बघा."

दुसरं हाड म्हणजे गुडघ्याची अख्खी गाठ होती, टोकाला पांढरी कूर्चा आणि चिवट शिरा तशाच ठेवलेल्या. यात नख किंचित रुतलं. खाटकाने मान हलवली, पण लगेच बांधायला घेतलं नाही. आधी विचारलं, कुत्रा केवढा? तिने हात गुडघ्याशी धरून दाखवला. तोंड केवढं उघडतो? तिने दोन्ही तळहात समोरासमोर धरले, मग जरा जवळ आणले, कारण तिचं तिलाच ते जास्त वाटलं. खातो कसा, गिळतो की चावतो? भूक असली की गिळतो, ती म्हणाली, एरवी रवंथ केल्यासारखा चघळत बसतो. खाटकाला हसू आलं. हाडं जास्त टाकलीत म्हणून हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येत. नुसती हाडं न्यायला येऊन त्यातही पसंती करणारं हे पहिलंच. खरं तर तीही जन्मभर हुज्जत घालणाऱ्यांतलीच होती.

मग त्याने शेवटचं विचारलं. किती वेळ टिकायला हवं?

"तासभर तरी टिकावं," ती म्हणाली.

"तासभरच का?"

प्रश्न साधा होता आणि विचारणारा माणूसही सरळ होता. तिला काहीही सांगता आलं असतं. काही सांगितलं नसतं तरी तो रागावला नसता. पण तोंडातून निघून गेलं.

"मुलगा कामावरून येईपर्यंत. त्याची वेळ झाली की हा दाराशी जाऊन बसतो आणि रडायला लागतो. ऐकवत नाही हो. आणि मुलगा काही सव्वासहाच्या आत घरी येत नाही."

यातलं मुलाचं येणं सोडलं तर बाकी सगळं खरं होतं.

"मग तो येईपर्यंत पुरेल असंच देतो," खाटीक म्हणाला, आणि सत्तूर न लावता ती अख्खी गाठ त्याने कागदात गुंडाळली. तोडलं की धारदार कपच्या निघतात, म्हणून तोडायचं नाही. द्यायचं ते कच्चंच. चघळून चघळून लहान झालं की काढून घ्यायचं, नाहीतर उरलेलं गिळायला बघतो. आणि तो खात असेपर्यंत शेजारी माणूस हवं म्हणजे हवं. ती प्रत्येक सूचनेला मान हलवत राहिली. मग ती बाहेर रस्त्यावर आली. ती बसथांब्याच्या बाकावर पुडकं मांडीवर घेऊन बसली आणि दोन बस तिने तशाच जाऊ दिल्या.

मुलगा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. एका दुपारी छातीत कसंतरी होतंय म्हणून कारखान्यातूनच दवाखान्यात गेला, आपल्या पायांनी चालत गेला, आणि परत आला नाही. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती पोराने. घराचा जिना अरुंद, वळणावर साधं कपाट अडकतं, म्हणून बापाने ठरवलं आणि त्याला दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं. त्या वेळी तिला काही सुचत नव्हतं, तिने हो म्हटलं. नंतर मात्र ते तिच्या मनाला लागून राहिलं. एकदा दारात आणायला हवं होतं. तिचं जाऊ दे, निदान कुत्र्याने हुंगलं असतं, त्याला काय ते कळलं असतं. कुत्र्याला कुणी काही सांगितलंच नाही, असं तिला सारखं वाटायचं.

कुत्र्याचं नाव मुकादम. मुलानेच ठेवलेलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि नजर मात्र सगळ्यांवर, म्हणून मुकादम. ती मशीनवर लोकांचे पडदे शिवायला बसली की हा समोर ठाण मांडून शिलाई सरळ जातेय ना ते बघणार. तिचा नवरा बूट पुसायला लागला की तिथे हजर. आणि सहा वाजून गेले की सगळी देखरेख वाऱ्यावर सोडून हा दाराशी जाऊन बसायचा, कारण थोड्याच वेळात खाली स्कूटर थांबायची. स्कूटर अजून खालीच होती, वर कापड टाकलेली. आणि मुकादम अजून दाराशी जाऊन बसत होता. आधी थोडा वेळ गप्प, कान टवकारून. मग घशातून एक बारीक सूर निघायचा आणि तो वाढत जायचा. भिंतीपलीकडचे शेजारी सुरुवातीला हळहळले. पुढे पुढे ते जिन्यात भेटले की मुकादमची फार आस्थेने चौकशी करायला लागले. त्या आस्थेचा अर्थ न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

शेजाऱ्यांचं एक वेळ निभावलं असतं. नवऱ्याचं निभावेना. तो मालट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होता. दिवसभर आकडे बोलायचा आणि घरी आल्यावर तेवढंही बोलायचा नाही. मुलाचा विषय काढायचा नाही असं त्याने कधी बजावलं नव्हतं, पण तिने काढला की उठून गॅलरीत जायचा. मुकादमने सूर लावला की चपला घालून जिना उतरायचा आणि सगळं शांत झाल्यावर वर यायचा. एक दिवस तो गेला नाही. टेबलाशी डोकं धरून बसला आणि म्हणाला, चुलतभावाला फोन केलाय. त्याच्या कोंबड्यांच्या शेडवर राखणीला कुत्रा हवाच आहे. मोकळी जागा आहे, तिथे विसरेल.

"तिथे साखळीला बांधतील त्याला," ती म्हणाली.

"मला नाही ऐकवत," तो म्हणाला. "रोज तेच. रोज उठून तेच."

आवाज इतका चिरकला होता की भांडायच्या तयारीने उभी राहिलेली ती मुकाट्याने खाली बसली. मग तिने मुदत मागून घेतली. थोडे दिवस थांबा, मी त्याचं रडणं थांबवते. कसं थांबवणार, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण मुलामागे घरात चालतं-फिरतं असं एवढंच उरलं होतं, आणि ते कोंबड्या राखायला पाठवायचं म्हटलं की तिच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

पहिला उपाय अंगाशी आला. त्या वेळेला तोंडात काहीतरी असलं तर ओरडणार नाही, एवढाच तिचा हिशेब. घरात मटण आणलं होतं, त्यातलं एक हाड तिने बाजूला काढलं आणि कच्चं कसं द्यायचं म्हणून चांगलं खळखळून उकळलं. मुलगा तान्हा असताना त्याच्या दुधाच्या बाटल्या ती अशाच उकळायची. मुकादम खरोखरच गप्प राहिला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो खाकरायला लागला आणि फरशीवर रक्त पडलं. उकळलेलं हाड काचेसारखं फुटलं होतं आणि त्याची एक कपची टाळूत घुसली होती. जनावरांच्या डॉक्टरने ती चिमट्याने ओढून काढली, तेव्हा नवऱ्याने दोन्ही हातांनी मुकादमचा जबडा फाकवून धरला होता. परतताना तो तिला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला सबंध रस्ताभर वाटत राहिलं.

हाड द्यायचंच असेल तर कच्चं आणि मोठं द्या, असं डॉक्टर म्हणाला होता, म्हणून ती इथवर आली होती. घराजवळचं दुकान तिने मुद्दाम टाळलं. तिथल्या माणसाला सगळं ठाऊक होतं, तो तिला बघितलं की आवाज खाली करायचा. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात पडद्याचं जुनं कापड अंथरलं, त्यावर गुडघ्याची ती गाठ ठेवली आणि स्वतः शेजारी फतकल मारून बसली. मुकादम तुटून पडला. एका पंजाने हाड दाबून धरायचा, मान वाकडी करून मागच्या दाताने शिरा खरवडायचा. सहा वाजून गेले तशी त्याची मान वर झाली. त्याने दाराकडे बघितलं, हाडाकडे बघितलं, परत दाराकडे. मोठीच पंचाईत झाली त्याची. शेवटी हाड तोंडात धरून तो दाराशी गेला आणि तिथे बसून चघळायला लागला. तिला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पण सूर निघाला नाही. नवरा चपला घालून तयार उभा होता. थोडा वेळ वाट बघून त्याने चपला काढल्या आणि पेपर उघडला. चुलतभावाचा विषय परत निघाला नाही.

मग तिचं जाणं-येणं सुरू झालं. एक हाड दोनतीनदा देता येई. मधल्या वेळात फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात, आणि त्यानंतर कितीही चांगलं दिसलं तरी फेकून द्यायचं. रोज हाडच नको, असं खाटकाचं म्हणणं पडलं. एका आड एक दिवस त्याने वाळवलेल्या शिरा द्यायला सांगितल्या, कधी वाळवलेल्या श्वासनलिकेचा तुकडा. शिंग मागितलं तर नाही म्हणाला, ते दगडाच्या वरताण. आणि बाजारात चामड्याच्या गाठी मारलेल्या कांड्या मिळतात त्यांच्या वाटेला जाऊच नका, पोटात जाऊन फुगतात. हाडातली मज्जा जास्त पोटात गेली तर पोट बिघडेल, मग रात्रभर तुम्हीच जिने उतराल, असंही त्याने सांगून ठेवलं. ती सगळं ऐकायची. आणि पुडकं बांधता बांधता तो हटकून विचारायचा, काय मावशी, मुलगा आला होता ना वेळेवर?

आला होता, ती सांगायची.

सुरुवातीला तेवढंच. मग जीभ सैल व्हायला लागली. काल जरा दमून आला. साहेबाने हाताखाली दोन माणसं दिलीत, त्यांना शिकवण्यात वेळ जातो. जेवायला बसला की अजून मीठ वरून घेतो, कितीदा सांगितलं. हे मिठाचं खरं होतं. बाकीचं ती बसमध्ये बसल्या बसल्या रचायची. तिला भ्रम झाला नव्हता. घरी आल्यावर खुंटीवरच्या त्याच्या जॅकेटवरची धूळ तीच झटकायची आणि ते आता कुणी घालणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्या दुकानात, लोंबत्या आकड्यांखाली, ओल्या फरशीवर उभं असेपर्यंत तिचा मुलगा कामावर गेलेला होता आणि संध्याकाळी घरी यायचा होता. सगळ्या जगात तेवढी एकच जागा तिला उरली होती. एखाद्या दिवशी दुकानात गर्दी असली आणि खाटकाने चौकशी केली नाही, तर ती सुटे पैसे मोजायचं निमित्त करून रेंगाळायची.

"बघा हं," खाटीक एकदा म्हणाला, "हाडाच्या नादात हा मुलाला विसरायचा."

तीही त्याच्याबरोबर हसली.

आणि तसंच झालं. पडद्यांचं मोठं काम आलं होतं, मशीनचा दोरा सारखा तुटत होता, त्या गडबडीत तिने हाड काढलंच नाही. भानावर आली तेव्हा घड्याळात साडेसहा होऊन गेले होते. घरात आवाज नव्हता. मुकादम तिच्या पायाशी, कापडाच्या ढिगावर झोपला होता. खाली कुणाची तरी स्कूटर थांबली. त्याचा एक कान हलला आणि पुन्हा खाली पडला, डोळेसुद्धा उघडले नाहीत.

म्हणजे जमलं. जे करायला घेतलं होतं ते तिने करून दाखवलं होतं. आणि ती मशीनची कड घट्ट धरून बसून राहिली. त्या पोराची वाट बघणारा जगात एक जीव होता, त्याचंही तोंड हाड देऊन तिने बंद केलं होतं. ती उठली, दाराशी गेली, दार सताड उघडलं आणि जिन्याच्या वळणाकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी उशिरा सुटलेला नवरा कामावरून वर आला तेव्हा ती तिथेच होती. काय झालं, त्याने विचारलं. काही नाही, जरा वारा यावा म्हणून, ती म्हणाली. त्याने आत झोपलेल्या मुकादमकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बाजूने आत गेला.

पुढे एकदा जेवताना तो म्हणाला, आता हा दाराशी जात नाही, मग हाडं कशाला? फ्रीजला वास येतो. ती म्हणाली, त्याला सवय झालीय, दातही स्वच्छ राहतात. उत्तर जरा जास्तच चटकन आलं. नवऱ्याने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं, पण फाटे फोडले नाहीत. ती जात राहिली.

मग तिला ताप आला. साधाच, पण अंग मोडून टाकणारा. हाड आणायचा दिवस होता आणि तिला उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. नवरा कामावरून लवकर आला. त्याने तिला औषध दिलं, मुकादमला फिरवून आणलं, फ्रीज उघडून डबा बघितला. डबा रिकामा होता. मग तिला पिशवीचा आवाज ऐकू आला.

"राहू दे हो," ती आतून म्हणाली. "एक दिवस नाही मिळालं तर मरत नाही तो."

"तू पडून राहा. दुकानाचं नाव आहे पुडक्याच्या कागदावर," तो म्हणाला, आणि दार लागलं.

तिचा ताप क्षणात उतरल्यासारखा झाला, अंगाला दरदरून घाम फुटला. खाटीक विचारणार. न विचारून राहणारच नाही. आणि हा सांगणार, वजनकाट्यावरचा आकडा सांगतो तसं, ना कमी ना जास्त. तो भला माणूस सुरा बाजूला ठेवेल, आवाज खाली करेल, आणि मग तेही दुकान तिचं राहणार नाही. खाटकाचं तोंड एक वेळ पुन्हा बघितलं नसतं तरी चाललं असतं. पण नवऱ्याला काय सांगायचं? बायको परक्या माणसापुढे मेलेल्या पोराला रोज जिवंत करत होती, हे त्याने कुणाच्या तोंडून ऐकावं, तर एका खाटकाच्या. ज्या माणसाला मुलाचं नावसुद्धा सोसत नाही त्याने. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्याला यायला वेळ लागला. नेहमी लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. मग चपलांचा आवाज आला, टेबलावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला. हात धूत तो बराच वेळ नळाशी उभा होता. शेवटी आत आला आणि पलंगाच्या कडेला, तिच्या पायाशी बसला. ती डोळे मिटून होती. ती जागी आहे हे त्याला माहीत होतं.

"मी कुत्रा केवढा ते सांगितलं, तसं त्याने लगेच ओळखलं," तो म्हणाला. "मावशींच्या घरचे का, म्हणाला."

तिने पांघरूण वर ओढून घेतलं.

"बोलका आहे. मुलाचं विचारत होता. म्हणाला, येतो ना घरी वेळेवर?"

तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"मग? काय सांगितलंत?"

तो खाली मान घालून आपले ओले हात एकमेकांवर चोळत राहिला, मग त्याने एक हात पांघरुणावरून तिच्या पावलावर ठेवला.

"म्हटलं, येतो. पण हल्ली फार उशीर होतो त्याला. तेव्हा जरा जास्त टिकेल असं द्या."